अर्धवट राहिलेला आरपीजी आणि कर्त्याच्या शंका

हौशी माणसाने घरी बनवायला घेतलेला रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, बहुधा अर्धवट राहतो. कोडी सोडवण्याचा किंवा उड्या मारत पुढे जाण्याचा छोटा गेम काही आठवड्यांत हातावेगळा होऊ शकतो. आरपीजीत मात्र गावे, गावातली माणसे, दुकाने, हत्यारे, शत्रू, लढाईची पद्धत, संवाद, नकाशे आणि हे सगळे बांधून ठेवणारी गोष्ट असा पसारा असतो, आणि त्यातले एखादे अंग सुटे काढून पाहिले तर ते जमले की फसले ते सांगता येत नाही. तलवारीची किंमत बरोबर आहे का, हे पहिल्या गुहेत किती नाणी मिळतात त्यावर ठरते. नाणी किती द्यायची ते तिथे किती लढाया होतात त्यावर, आणि लढाया किती ठेवायच्या ते नायक कोणत्या लेव्हलला तिथे पोहोचतो त्यावर. म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचाच आहे अशा गोष्टींवर कर्ता महिनोन्‌महिने काम करत असतो. शंकांना याहून सुपीक जमीन मिळणार नाही.

या शंका ऐकायला दर्जाच्या वाटतात. गोष्ट चावून चोथा झालेली आहे का, लढाया कंटाळवाण्या आहेत का, चित्रे तयार संचातली आहेत म्हणून लोक नाक मुरडतील का, मुळात हा गेम कोणी खेळेल तरी का. खोलात गेले की त्यातल्या बऱ्याचशा आकाराच्या निघतात. वीस तासांचा गेम योजलेला आणि हाताशी आठवड्याचे जेमतेम सहा तास, असा हिशोब असेल तर आपलीच गोष्ट कर्त्याला हळूहळू फिकी वाटू लागते. तेच पहिले गाव तो तीन-तीन वर्षे पाहत असतो. तेव्हा शंकेला उत्तर शोधण्याआधी ती नेमकी कशाबद्दल आहे ते ठरवावे आणि सुरुवात आकारापासून करावी.

आकाराचा हिशोब

कामाचा वेग दुसऱ्याच्या अनुभवावरून काढू नये, स्वतःच्या गेमवरूनच काढावा. जो भाग बऱ्यापैकी पूर्ण झाला आहे, उदाहरणार्थ पहिले गाव आणि त्यालगतची गुहा, तो खेळायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहावे आणि तो बनवायला साधारण किती तास गेले ते मांडावे. समजा 25 मिनिटांच्या खेळाला 40 तास लागले. मग वीस तासांच्या गेमसाठी असे 48 तुकडे, म्हणजे 1920 तास लागतील. आठवड्याला सहा तास धरले तर 320 आठवडे, सहा वर्षांहून थोडे अधिक. पुढचे तुकडे लवकर होतात हे खरे, कारण लढाईची यंत्रणा आणि मेनू एकदाच बनवायचे असतात. पण शेवटाकडे बग काढणे आणि समतोल साधणे यांचा बोजा वाढतो आणि ही बचत बरीचशी तिथेच खर्ची पडते. हा हिशोब कागदावर उतरला की कित्येकांची 'माझ्यात चिकाटी नाही' ही समजूत गळून पडते. योजनाच सहा वर्षांची होती आणि ती कोणी मोजली नव्हती, इतकेच.

यावर उपाय म्हणजे गोष्ट छोटी करणे, आणि तो बहुतेकांना मानवत नाही. आरपीजी म्हटले की तीस-चाळीस तास, आठ साथीदार, विमानातून फिरायचे जग असे चित्र डोळ्यांपुढे येते. या प्रकाराचा इतिहास पाहिला तर हे चित्र नंतरचे आहे. जपानी आरपीजीचा साचा ज्याने घालून दिला तो ड्रॅगन क्वेस्ट 1986 साली आला तेव्हा त्यात नायक एकच होता, लढाईत समोर शत्रूही एकच असे, आणि सगळा गेम 64 किलोबाइटच्या काडतुसात मावला होता. साथीदारांची टोळी दुसऱ्या भागात, 1987 साली आली. एका राजवाड्यातून निघून एका शत्रूपर्यंत पोहोचणे एवढ्यावर उभा असलेला गेम आजही आरपीजीच म्हणवला जातो.

हौशी साधनांतून पुढे आलेल्या गेमांचीही हीच साक्ष आहे. कॅन गाओ यांचा 'टू द मून' (2011) आरपीजी मेकर एक्सपी या साधनात बनला. तो चारएक तासांत संपतो, आणि सुरुवातीची एक गमतीची लढाई सोडली तर त्यात लढाई नाहीच. ज्याला लढाईची यंत्रणा जमत नाही किंवा आवडत नाही, त्याने ती ठेवलीच पाहिजे असा कुठे कायदा नाही. त्याहून बोलके आहे ते गाओ यांचे आधीचे काम. 'क्विन्टेसन्स: द ब्लाइटेड व्हेनम' हा त्यांचा मोठा गेम भागाभागांनी निघत होता आणि अपूर्णच राहिला. 'द मिरर लाइड' नावाचा अगदी आखूड गेम मात्र त्यांनी पुरा केला, आणि 'टू द मून' त्यानंतरचा. टोबी फॉक्स यांनीही 'अंडरटेल' या आपल्या आरपीजीच्या आधी, 2008 साली, 'अर्थबाउंड' या जुन्या गेममध्ये फेरफार करून हॅलोविनसाठी एक छोटा गेम केला होता. हौशी नाट्यसंस्था पहिल्याच वर्षी तीन अंकी नाटकाला हात घालत नाही, एकांकिका बसवते. गेमच्या बाबतीत हे शहाणपण दिसत नाही याचे एक कारण असे की हौशी कर्त्याला सहसा दिग्दर्शक नसतो.

छोटा करायचा म्हणजे शेवट कापायचा असे नाही. आधी शेवट जवळ आणावा. बारा प्रकरणांची गोष्ट असेल तर नायकाला पहिल्या तीन प्रकरणांत जे कळते त्यावर एक खराखुरा शेवट होऊ शकतो का ते पाहावे. बहुतेक वेळा होतो, कारण मधली सहा-सात प्रकरणे 'चार स्फटिक गोळा करणे' या छापाची असतात आणि त्यांतली माणसे कर्त्यालाही धड आठवत नाहीत. ज्या प्रकरणातल्या एकाही पात्राचे नाव कागद न पाहता सांगता येत नाही, ते काढून टाकावे.

एक तुकडा पूर्ण करणे

आकार आटोक्यात आला तरी दर्जाच्या शंका उरतात. त्या विचार करून सुटत नाहीत. कोणीतरी खेळल्यावरच सुटतात. त्यासाठी अर्ध्या-पाऊण तासाचा एक तुकडा सर्वांगाने पूर्ण करावा लागतो: सुरुवात, गाव, एक दुकान, एक गुहा, तिच्या टोकाला एक मोठा शत्रू, संगीत, सेव्ह करण्याची सोय आणि एक छोटा शेवट. दहा गावांचे रिकामे नकाशे, साठ हत्यारांची यादी आणि एकही पूर्ण प्रसंग नाही, ही हौशी आरपीजीची नेहमीची अवस्था असते. अशा गेमबद्दल कर्त्यालाच काय, कोणालाच काही मत देता येत नाही.

'अंडरटेल'चा प्रवास इथे उपयोगी पडतो. मे 2013 मध्ये त्याचा डेमो निघाला. त्यात 'रुइन्स' हा पहिला प्रदेश पूर्ण होता, शेवटच्या लढाईसकट, आणि शत्रूला न मारता पुढे जाता येते ही गेमची मुख्य कल्पना तिथेच पुरती दिसत होती. त्यानंतर लोकवर्गणी मागितली ती 5,000 डॉलरची. जमले 51 हजारांवर. पूर्ण गेम सप्टेंबर 2015 मध्ये आला. पैशांचा भाग बाजूला ठेवला तरी क्रम पाहण्यासारखा आहे: लोकांपुढे आला तो एक संपलेला तुकडा, आश्वासनांची यादी नव्हे. उलट, आधी पैसे घेऊन मग गेम बनवणाऱ्यांच्या वाट्याला जे येते त्याचे सौम्य उदाहरण 'ओमोरी'चे. त्याची वर्गणी 2014 साली झाली आणि गेम 2020 च्या डिसेंबरात आला. तो आला, आणि गाजला. पण हौशी कर्त्याने स्वतःच्या रात्री दुसऱ्याच्या पैशांना बांधून घेण्याआधी सहा वर्षांचा हा काळ लक्षात घ्यावा.

लढाई कंटाळवाणी वाटते

ही शंका बहुतेकदा खरी असते, आणि सुदैवाने आकड्यांनी तपासता येते. आरपीजी मेकरच्या व्हीएक्स एस, एमव्ही आणि एमझेड या आवृत्त्यांत साध्या वाराचे मूळ सूत्र असे आहे: मारणाऱ्याच्या अटॅकची चौपट, वजा मार खाणाऱ्याच्या डिफेन्सची दुप्पट. नायकाचा अटॅक 16 आणि शत्रूचा डिफेन्स 16 असेल तर 64 वजा 32, म्हणजे 32 चे नुकसान. शत्रूचे एचपी, म्हणजे जीवनशक्ती, 100 असतील तर तो चार वारांत पडतो. आता हा शत्रू 'जरा दणकट' करावा म्हणून कर्त्याने डिफेन्स 26 केला. नुकसान 64 वजा 52, म्हणजे 12 वर येते आणि त्याच शत्रूला नऊ वार लागतात. डिफेन्स 32 झाला की वाराचा परिणाम शून्य. हे सूत्र वजाबाकीचे असल्यामुळे दोन्ही बाजूंचे आकडे जवळ आले की ते असे कोसळते. लढाई लांबते का, याचे उत्तर कितीदा तरी एवढ्यात असते, आणि कर्ता मात्र नवी जादू, नवी अॅनिमेशन घालून ती रंगतदार करण्याच्या मागे लागलेला असतो. शत्रू दणकट करायचा तर आधी एचपी वाढवावे, डिफेन्सला जपून हात लावावा, आणि प्रत्येक शत्रू किती वारांत पडतो याचा एक तक्ता ठेवावा.

दुसरा आकडा लढायांच्या संख्येचा. याच साधनांत अवचित लढाई येण्यासाठी पावलांची सरासरी नकाशागणिक ठरवता येते आणि ती मुळात 30 असते. गुहेच्या तोंडापासून शेवटापर्यंतचा सरळ रस्ता 300 पावलांचा असेल तर साधारण दहा लढाया होतील. हा हिशोब रस्ता माहीत असलेल्याचा झाला. चुकत, परत फिरत, प्रत्येक खोलीत डोकावत जाणारा खेळाडू 600 पावले सहज चालतो आणि वीस लढाया करतो. एक लढाई 50 सेकंदांची धरली तर सतरा मिनिटे त्याच चार शत्रूंशी गेली. कर्त्याला हे जाणवत नाही, कारण तपासताना तो सरळ वाटेने जातो, नाहीतर लढाया बंदच करून ठेवतो. सरासरी दुप्पट करणे, किंवा शत्रू नकाशावर दिसतील असे करून त्यांना टाळायची मुभा देणे, हे दोन्ही उपाय एका संध्याकाळचे आहेत.

लढाई मनोरंजक आहे का, हा प्रश्न यानंतरचा. त्याची साधी कसोटी अशी: ओळीने पाच लढायांत फक्त 'अटॅक' दाबत राहिले आणि तरी जिंकता आले, तर त्या लढायांत निर्णय घेण्याजोगे काही नाही. अशा वेळी प्रत्येक शत्रूला एकच खोड द्यावी. एक जण मेल्यावर फुटतो, एक दुसऱ्याला बरे करतो, एक तिसऱ्या खेपेला पळून जातो. साठ प्रकारच्या जादूंपेक्षा अशा सहा शत्रूंनी खेळाडू जास्त गुंततो.

गोष्ट आणि संवाद

गोष्ट चाकोरीतली आहे ही भीती फारशी मनावर घेऊ नये. गावावर संकट, साधा मुलगा, जुनी तलवार एवढ्यावर असंख्य गेम चालले आहेत. खेळाडू कंटाळतो तो लांबणीला. आरपीजी मेकरची संवादाची चौकट मुळात चार ओळींची असते. एखादे पात्र सलग सात चौकटी बोलत असेल तर पाचव्या चौकटीपर्यंत खेळाडूचा अंगठा बटणावर आपोआप चालू लागतो, आणि सहाव्या चौकटीत सांगितलेला गुहेचा पत्ता निसटतो. पुढे अर्धा तास तो गावात भटकतो आणि दोष गेमला देतो. कामाची माहिती पहिल्या दोन चौकटींत यावी आणि तोच माणूस पुन्हा भेटल्यावर ती एका वाक्यात परत सांगावी. राज्याचा हजार वर्षांचा इतिहास ग्रंथालयातल्या पुस्तकात ठेवला तर बिघडत नाही. हौस असणारे वाचतात.

जुने लिखाण वाचून लाज वाटणे हाही शंकांचा एक मोठा उगम आहे. विसाव्या वर्षी लिहिलेले संवाद पंचविसाव्या वर्षी पोरकट वाटतात, आणि वाटायलाच हवेत. पण त्यासाठी गेम मोडायची गरज नसते. संवाद हा आरपीजीतला सगळ्यात स्वस्तात बदलता येणारा भाग आहे. नकाशे, लढाया, संगीत तसेच ठेवून सगळे संवाद शेवटच्या महिन्यात नव्याने लिहिता येतात. तोवर त्यांच्याकडे कच्चा मजकूर म्हणून पाहावे आणि पुढे जावे.

मराठीत गेम करणाऱ्यांपुढे एक वेगळी अडचण येते आणि ती बहुधा उशिरा लक्षात येते. आरपीजी मेकर एमव्हीत संवादाची खिडकी मजकूर एकेक चिन्ह सुटे घेऊन काढते. रोमन लिपीला ते चालते. देवनागरीत 'शक्ती' हा शब्द मग श, क, हलन्त, त आणि वेलांटी असा तुटून येतो. जोडाक्षर जुळत नाही आणि एकटी पडलेली चिन्हे ठिपक्यांच्या वर्तुळावर टेकलेली दिसतात. फसगत होते ती यामुळे, की मेनूतली हत्यारांची आणि वस्तूंची नावे अखंड काढली जातात आणि ती व्यवस्थित दिसतात. कर्ता मेनू पाहून निर्धास्त होतो आणि शंभर पाने संवाद लिहून मोकळा होतो. म्हणून पहिल्याच दिवशी संवादाच्या खिडकीत 'राष्ट्र', 'स्त्री', 'किल्ल्यात' यांसारखे शब्द टाकून पाहावेत. मजकूर शब्दाशब्दाने काढणारी प्लगिन लिहिली किंवा मिळवली तर हा प्रश्न सुटतो. देवनागरी फॉन्टही गेमसोबत द्यावा, नाहीतर ज्याच्या त्याच्या संगणकावर जो असेल तो वापरला जातो. गोडो या गेम बनवण्याच्या इंजिनाची चौथी आवृत्ती 2023 च्या मार्चमध्ये आली आणि तिच्यात अशा लिपींची मांडणी अंगभूत आहे. नवीन गेम मराठीतच करायचा हे ठरलेले असेल तर हा मुद्दा साधनाच्या निवडीतच धरावा.

चित्रे, साधन आणि पुन्हा पहिल्यापासून

तयार संचातल्या चित्रांबद्दलची शंका बरीचशी अनाठायी असते. खेळाडूला खटकते ती चित्रांची खिचडी. एका संचातले घर, दुसऱ्यातले झाड, तिसऱ्यातला नायक, आणि तिघांच्या रेषेची जाडी व सावलीची दिशा वेगळी, असे दृश्य डोळ्यांत खुपते. एकच संच पाळावा, नायकाचा आणि मुख्य शत्रूचा स्प्राइट (पडद्यावर हलणारे छोटे चित्र) तेवढा स्वतः काढावा किंवा कोणाकडून काढून घ्यावा. तयार चित्रे वापरताना परवाना वाचावा. एका साधनासोबत मिळालेली चित्रे दुसऱ्या साधनात वापरता येतीलच असे नाही.

यापेक्षा महाग पडणारी शंका साधनाबद्दलची. एक्सपीत सुरू केलेला गेम व्हीएक्स एसमध्ये न्यावा, तिथून एमव्हीत, मग गोडो शिकून घ्यावे, अशी साखळी चालू राहते आणि प्रत्येक उडीत वर्ष जाते. एक्सपीच्या टाइल्स 32 पिक्सेलच्या आणि एमव्हीच्या 48 च्या, त्यामुळे नकाशे पुन्हा काढावे लागतात. एक्सपीची स्क्रिप्ट रुबीत, एमव्हीची जावास्क्रिप्टमध्ये, त्यामुळे केलेले सगळे फेरफार नव्याने लिहावे लागतात. सोबत येते ती गोष्ट आणि संगीत. 'ओमोरी'ची वर्गणी झाली तेव्हा एमव्ही बाजारात आलेच नव्हते आणि शेवटी गेम निघाला तो एमव्हीत; अशी उडी जमते, पण तिथे माणसांचा चमू होता. एकट्या हौशी माणसाने साधन बदलावे ते एकाच कारणासाठी: गेमला अत्यावश्यक असलेली एखादी गोष्ट चालू साधनात होतच नाही, आणि ती करून पाहिल्याचा पुरावा हाताशी आहे. नव्या साधनात दिवे-सावल्या छान दिसतात हे त्यात बसत नाही.

पुन्हा पहिल्यापासून करण्याची ऊर्मीही अशीच. 'केव्ह स्टोरी' हा एकट्या दाइसुके अमाया यांनी केलेला गेम आरपीजी नव्हे, पण दाखला उपयोगी आहे: पाच वर्षे काम करून तो 2004 साली निघाला, आणि वाटेत आधीची बरीच घडी मोडून तो नव्याने बांधला गेला होता. म्हणजे फेरबांधणी नेहमीच वाया जाते असे नाही. 'स्टारड्यू व्हॅली' या गेमचे कर्ते एरिक बॅरोन यांनीही साडेचार वर्षांत चित्रे पुनःपुन्हा काढली. पण त्या काळात त्यांनी पूर्ण वेळची नोकरी केली नाही. जोडीला नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम केले. ज्याची सकाळ लोकलमध्ये आणि दिवस कचेरीत जातो त्याने त्यांच्या चिकाटीशी तुलना करून स्वतःला कोसू नये. पुन्हा सुरुवात करायचीच असेल तर आधी आहे त्या गेमला शेवटापर्यंत जाणारी एक कच्ची वाट करून द्यावी, रिकाम्या खोल्या आणि एका ओळीचे संवाद चालतील. शेवट गाठल्यावर काय मोडायचे ते नेमके कळते.

दुसऱ्याच्या हाती देणे

पूर्ण झालेला तुकडा तपासायला माणसे फार लागत नाहीत. तिघे-चौघे पुरतात, पण त्यांतला एक तरी आरपीजी न खेळणारा असावा. कर्त्याने शेजारी बसावे, वही घ्यावी आणि तोंड उघडू नये. 'तिकडे जा ना', 'ते दार उघड' हे शब्द ओठांवर येतात आणि तिथेच परीक्षा बिघडते, कारण घरी खेळणाऱ्याला हे सांगायला कोणी नसतो. वहीत लिहायचे ते एवढेच: खेळाडू कुठे थांबला, कोणत्या चौकटी न वाचता पुढे ढकलल्या, कुठे हसला, कुठे मोबाइल हातात घेतला. खेळून झाल्यावर 'कसा वाटला?' असे विचारू नये. मित्र चांगलाच म्हणतील. नायकाला कुठे जायचे होते आणि का, ते सांगायला लावावे. सांगता आले नाही तर गोष्ट पोहोचलेली नाही.

खेळाडूंच्या सूचना आणि त्यांच्या अडचणी यांत फरक करावा. 'इथे घोडा हवा होता' ही सूचना झाली. अडचण अशी की दोन गावांतले अंतर रटाळ आहे. घोड्याची यंत्रणा उभी करण्याऐवजी नकाशा निम्मा करावा. सूचना मानत गेले तर गेम फुगतो आणि कर्ता पुन्हा सहा वर्षांच्या हिशोबात अडकतो.

खंड पडल्यानंतर

परीक्षा, नोकरी, लग्न, बाळ; हौशी कामात खंड पडतोच. वर्षभराने प्रोजेक्ट उघडला की समोर गेममधल्या घटनांची नोंद ठेवणारे शेकडो स्विच आणि व्हेरिएबल येतात, चार आकडी क्रमांकांचे आणि बिननावाचे. 0037 चालू झाला की पूल उघडतो की म्हातारी मरते, हे शोधण्यात चार संध्याकाळी जातात आणि पाचव्या संध्याकाळी प्रोजेक्ट बंद होतो. प्रत्येक स्विचला बनवतानाच नाव द्यावे, नावात ठिकाण आणि घटना असावी: 'गुहा1_पूल_उघडला'. याशिवाय प्रत्येक बैठकीच्या शेवटी पुढचे काम काय आहे ते एका ओळीत लिहून ठेवावे. प्रोजेक्टची तारखेसह प्रत दर आठवड्याला दुसऱ्या डिस्कवर किंवा ऑनलाइन जागेत टाकावी. आवृत्त्या जपणारे गिट वापरता येत असेल तर उत्तमच. हार्ड डिस्क बसल्यामुळे संपलेले गेम थोडे नाहीत, आणि त्या दुःखात शंकेचा भाग काहीच नसतो.

परतल्यावर पहिल्या दिवशी गेम बनवण्याचे साधन उघडू नये. गेम सुरुवातीपासून खेळावा, दुरुस्तीचा मोह टाळून, परक्याचा असल्यासारखा. वर्षभराच्या अंतराने कर्ता जवळजवळ बाहेरचा खेळाडू झालेला असतो आणि ही संधी एकदाच मिळते. जे प्रसंग पुन्हा आवडले ते ठेवायचे, जिथे स्वतःलाच कंटाळा आला तिथे कात्री लावायची.

सोडायचा की बाहेर काढायचा

काही गेम सोडून देणेच योग्य असते. गोष्टीतला प्रश्न आता कर्त्याला पडतच नसेल, एक तुकडाही पूर्ण करावासा वाटत नसेल आणि गेम उघडण्याच्या विचाराने संध्याकाळ जड होत असेल, तर थांबावे. थांबताना साहित्य वेगळे काढावे: संगीत, स्वतः काढलेले स्प्राइट, लढाईची यंत्रणा, एखादे पात्र. पुढच्या छोट्या गेमला ती शिदोरी होते.

गेम अर्धवटच बाहेर काढण्याचाही मार्ग आहे. 'युमे निक्की' हा किकियामा या टोपणनावाच्या कर्त्याचा गेम 2004 साली आरपीजी मेकर 2003 मध्ये बनून विनामूल्य निघाला. त्याच्या आवृत्तीचा आकडा 0.10 वर थांबला तो पुढे सरकलाच नाही, आणि तरी स्वप्नांतून भटकण्याच्या त्या गेमने आपला एक पंथ निर्माण केला. त्यात संवाद जवळजवळ नाहीत, लढाया नाहीत; पण एक शेवट आहे. अर्धवट गेम देताना तेवढे तरी पाळावे. गोष्ट जिथे थांबते तिथे गेम अचानक बंद पडू नये. 'इथपर्यंतच' असे सांगणारा एखादा पडदा यावा आणि खेळाडू सुरुवातीच्या पडद्यावर परतावा. सोबतच्या मजकुरात खेळायला किती वेळ लागतो, कोणत्या भाषेत आहे, कोणते बग माहीत आहेत, सेव्ह फाइल पुढच्या आवृत्तीत चालेल की नाही आणि वापरलेली चित्रे-संगीत कोणाचे, एवढे लिहावे. पुढचा भाग कधी येणार ती तारीख मात्र लिहू नये.